छळाचा रकाना

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या एलिएझर सारडोलीकरांशी बोलताना घड्याळाकडे बघू नये. बघितलं तर त्यांना वाईट वाटतं, नाही बघितलं तर आपल्या कुकरचं वाईट होतं. पंच्याहत्तरीला आलेला माणूस. सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते, रिटायर होऊन सतरा वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात अजून दोन पेन्सिली आणि खोडरबर असतं. भाजीची यादीसुद्धा ते पट्टीनं समास आखून लिहितात. त्यांच्या बायको, एलिशेबावहिनी, ती यादी घरीच विसरतात आणि मनाला येईल ते आणतात, म्हणून संसार नीट चालला आहे.

सारडोलीकर हे बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. पूर्वी हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. ही माहिती मी कुठे शोधायला गेले नव्हते. एलिएझरभाऊंना भेटणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या पाच मिनिटांत मिळते. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही मिळाली आहे.

मी स्वतः सुनीता, मुक्काम पोस्ट पनवेल, एकतीस वर्षं सरकारी कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये काढली. त्या नोकरीनं मला दोन गोष्टी दिल्या: धुळीची ॲलर्जी आणि माणसांविषयी वाईट मत. भाऊंचं उलट आहे. त्यांचं सगळ्यांविषयी चांगलं मत, आणि तेच या प्रकरणात त्यांच्या मुळावर आलं.

त्यांचा मुलगा रोनेन इस्रायलला असतो. अश्दोदला. बायको इलाना तिकडचीच, मुलं दोन, याएल आणि नोम. नोम बारा वर्षांचा. त्याला मराठी तीन वाक्यं येतात, 'जेवलास का', 'गप बस' आणि 'पंखा बंद कर', तिन्ही आजीनं शिकवलेली. तिकडे म्हणे सातवीच्या मुलांना शाळेत एक मोठा प्रकल्प करावा लागतो. आपलं घराणं मूळ कुठलं, इथे कसं आलं, याचा शोध घ्यायचा आणि वर्गासमोर मांडायचं. हे कळल्या दिवशी भाऊ जिन्यातच मला भेटले आणि म्हणाले, "सुनीताबाई, माझी पाळी आली."

ते या दिवसाची वाटच बघत होते. मुलांना, नातवंडांना आपला इतिहास कळावा म्हणून त्यांनी पंधरा वर्षं खपून वंशावळ तयार केली होती. ती त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावली आहे. काळ्या शाईत सात पिढ्या, प्रत्येक नाव सारख्या उंचीच्या अक्षरात, आणि सवयीनं एका कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाणसुद्धा काढलेला. उत्तरेला कोण आहे, असं मी एकदा विचारलं होतं. भाऊ म्हणाले, नकाशाला बाण लागतोच.

रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल ठरला. मला मुद्दाम बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून असावं. टीपॉयवर फाईल, फाईलवर चष्मा. रोनेननं शाळेचा छापील फॉर्म समोर धरून एकेक प्रश्न मराठीत सांगायला सुरुवात केली. मूळ गाव? सारडोली, चिरनेरच्या अलीकडे. व्यवसाय? तेलाचा घाणा. इथवर भाऊ परीक्षेत पहिला येणाऱ्या मुलासारखे ताठ बसले होते.

"पुढचं," रोनेन म्हणाला. "कोणत्या छळामुळे, युद्धामुळे किंवा आपत्तीमुळे कुटुंबाला घर सोडावं लागलं?"

भाऊंनी फाईल उघडली. पान उलटलं. परत मागे आले.

"म्हणजे?"

"म्हणजे सारडोलीहून कोणी हाकललं का, असं."

"तुझे पणजोबा हाईम, एकोणीसशे छत्तीस साली सारडोलीहून पनवेलला आले," भाऊ म्हणाले. "बैलगाडीनं."

"ते का आले?"

"आले."

तिकडे नोम बापाशी भराभर काहीतरी बोलला. रोनेननं आधी सांगायचं टाळलं, मग सांगितलं. वर्गातल्या एका मुलाची आजी दोन देश पायी तुडवत आली होती. दुसऱ्या एकीच्या पणजोबांचं सगळं घर युरोपात मारलं गेलं, एकटे तेच वाचले. इलानाच्या आजीनं बगदाद सोडलं तेव्हा दागिने रजईत शिवून आणले होते, ती रजई अजून घरात आहे. एकूण नोमचं म्हणणं असं, की साबाकडे, म्हणजे आजोबांकडे, गोष्ट नसेल तर तो आईच्या बाजूचा प्रकल्प करील. फॉर्ममध्ये एकाच बाजूचं घराणं लिहायचं होतं.

"करू दे की," एलिशेबावहिनी म्हणाल्या. "चांगली रजई आहे."

 मला भाऊंचा चेहरा दिसत होता. पंधरा वर्षांची वंशावळ एका रजईपुढे हरत होती. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मला दहा दिवस दे. छळ शोधून देतो."

दुसऱ्या दिवसापासून भाऊ छळाच्या मागे लागले. पहिली चौकशी घरात. "आपल्याला कधी कोणी त्रास दिलाय का गं?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"तुमच्या आईनं," वहिनी म्हणाल्या. "मला. लिहून घ्या, बारा वर्षं."

हे फॉर्मात बसण्यासारखं नव्हतं. शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थना झाल्यावर त्यांनी चारदोन म्हाताऱ्यांना गाठलं. एकानं बराच विचार करून सांगितलं की लग्नात एकदा त्याचे नवे बूट चोरीला गेले होते. दुसऱ्यानं आठवण दुरुस्त केली, चोरीला नव्हते गेले, त्याचा मेहुणा घालून गेला होता. भाऊ घरी आले ते पार उतरलेल्या चेहऱ्यानं. मला म्हणाले, "सुनीताबाई, त्या लोकांच्या दुःखाशी मला बरोबरी करायची नाही. देव करो आणि तसं कोणावर न येवो. पण आमच्याबद्दल लिहायला पानभर तरी काही नको का? का पोरानं लिहायचं, 'माझे खापरपणजोबा सुखात होते, मग ते पनवेलला गेले'?"

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. "भाऊ," मी म्हटलं, "एकतीस वर्षं मी गावांच्या फायली चाळल्यात. भांडणाशिवाय कोणी गाव सोडत नाही. बांधावरनं, विहिरीवरनं, कोंबड्यावरनं, काहीतरी असणारच. तुमच्या घरच्यांनी मोठेपणा म्हणून सांगितलं नसेल. सारडोलीला जाऊ, मी काढते शोधून."

हे मी का बोलले, देव जाणे. गाडी माझी होती, हेही तेव्हा लक्षात नव्हतं.

बुधवारी सकाळी निघालो. निघताना वहिनींनी चिकाच्या हलव्याचा डबा आणून दिला. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून हा हलवा करतात, सणाला करायचा पदार्थ, दोन दिवस जातात त्यात. भाऊ घोटाळले. "अगं, छळ केलेल्या लोकांकडे मिठाई न्यायची का?"

वहिनींनी याचाही विचार करून ठेवला होता. "छळ केला असेल तर एक वडी द्या. नसेल केला तर डबा द्या."

विमानतळ झाल्यापासून आमच्याकडचे रस्ते रोज वेगळे असतात. काल उजवीकडे असलेला फाटा आज डावीकडे. एका बोर्डावर विश्वास ठेवून मी वळले आणि आम्ही उलव्याच्या टॉवरांमध्ये निघालो. एक तास सिमेंटच्या गाड्यांमागून फिरत होतो. भाऊंनी सोबत हातानं काढलेला नकाशा आणला होता. अतिशय सुरेख होता, पण त्यात उलवे मिठागर होतं. धुळीनं माझं नाक वाहायला लागलं आणि स्वभाव मूळपदावर आला. सारडोली आली तेव्हा आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो.

हाईमशेटचा घाणा कुठे, म्हणून विचारलं तर नाक्यावरच्या बाईनं सरळ बोट दाखवलं. नव्वद वर्षांनंतर! दोन मजली बंगला होता, गुलाबी, गच्चीवर काँक्रीटचा गरुड. बाजूला पत्र्याची शेड, तिच्यावर पाटी: 'जय बजरंग लाकडी घाणा. शुद्ध तेल मिळेल. शनिवारी बंद.' मी ती पाटी वाचली. वाचून माझ्या मनात आलं, शनिवारी वीज जात असेल. एवढंच आलं. भाऊ तेव्हा फाईलची नाडी बांधत होते, त्यांनी वर बघितलंच नाही.

घरमालक शिवा म्हणून, भाऊंच्याच वयाचे, आगरी समाजातले वजनदार गृहस्थ. झोपाळ्यावर बसले होते. भाऊंनी नमस्कार केला, मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो टीपॉयवर ठेवला, फाईल मांडीवर घेतली आणि खात्यात असताना बोलायचे तसं बोलले.

"मी एलिएझर सारडोलीकर. हाईम सारडोलीकरांचा नातू. ही जागा पूर्वी आमच्या आजोबांची होती, त्या संदर्भात आलोय."

झोपाळा थांबला.

आमच्या भागात हे वाक्य बोलायचं नसतं. विमानतळ आल्यापासून ज्याच्या अंगणात फाईलवाला येतो त्याची झोप जाते. तीन पिढ्या परदेशात असलेले नातू उगवतात, आणि सोबत कचेरीतली एखादी चष्मेवाली बाई असतेच. इथे ती बाई मी होते.

"जागा आमच्या नावावर हाय," शिवा म्हणाले. "सातबारा दाकवू?"

"नाही नाही, सातबारा नको."

"फेरफार दाकवू? माज्या आज्यानं, काशिरामनं, घेतलेली जागा हाय. तुमच्या आज्याची सही हाय. मितेस, कपाटातली पिशवी आन रं."

मितेश हा त्यांचा मुलगा. तो बाहेर आला, आमच्याकडे बघितलं, आणि पिशवीच्या आधी वकिलाला फोन लावला.

"तुमचा गैरसमज होतोय," भाऊ कळवळून म्हणाले. "मला जागा नकोय. मला फक्त एवढंच कळायला हवंय की तुमच्या आजोबांनी आमच्या आजोबांना हाकललं का?"

मी डोळे मिटून घेतले.

"आमी हाकलला?" शिवा उभे राहिले. "कोन बोलला? ह्या बाई बोलल्या काय?"

"हाकललं असेल तर माझी काही तक्रार नाही," भाऊ म्हणाले. "उलट बरंच होईल. नातवाला शाळेत लिहायचंय."

पुढची दहा मिनिटं रेकॉर्डिंगमध्ये आहेत, पण ऐकण्यासारखी नाहीत. मितेश एकीकडे वकिलाला सांगत होता की पार्टी स्वतःच म्हणतेय, हाकललं असेल तरी तक्रार नाही, दुसरीकडे शिवा कुलदैवताची शपथ घेत होते, आणि भाऊ त्यांना समजावत होते की थोडासा जरी छळ असेल तरी चालेल. मी शिंकत होते.

सगळ्यांना गप्प केलं ते शिवांच्या बायकोनं, मालूबाईंनी. त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, आधी मला दिला, मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी बसा बघू. मानूस घरी आलाय, त्यानं काय विचारला तां आयका तरी." आणि भाऊंकडे वळून, "भाऊ, आमच्या आजेसासूनं मला सांगितलेला हाय तुमचा. हाकलला नाय कोनी. तुमची आजी बोलली, पोरं शालंत घालायचीत. पनवेलला शाला हाय, हितं नाय. झाला."

"झालं?" भाऊ म्हणाले.

"झाला."

भाऊंच्या हातातली पेन्सिल खाली आली. शाळा. नव्वद वर्षांचा इतिहास, आणि आत निघालं काय तर पहिलीचा प्रवेश. मला वाटलं, आता उठावं.

"पन तरास दिला," मालूबाई म्हणाल्या.

पेन्सिल वर गेली.

"आमच्या आजेसासऱ्यानं. काशिरामनं. तुमच्या आज्याची गाडी भरून तयार, बैल जुंपायचे बाकी, आनि बगतात तं गाडीला चाकच नाय. एक चाक काढून ह्यांच्या आज्यानं पेंढ्याच्या उडवीत लपवला. का, तं हाईमशेट जाऊ नये. तीन दिस. तुमचा आजा आख्ख्या गावाला विचारीत फिरला, चाक कोनी बगितला काय. सगल्यांना म्हाईत, सगले बोलतात नाय बगितला. पोरापासून पाटलापरयंत."

शिवा खाली बघत होते. "खरा हाय," ते पुटपुटले. "चाक आमीच लपवला."

"मंग तिसऱ्या दिशी तुमची आजी निघाली चालत. डोक्यावर भांड्यांची पाटी, कडंवर पोर. बोलली, तुमी ऱ्हावा चाक शोधीत, शाला माज्यासाटी थांबनार नाय. तवा ह्यांच्या आज्याला लाज वाटली. चाक आनला, लावला, आनि सोताच गाडी हाकीत पनवेलला सोडून आला. रडत आला म्हनतात परत."

भाऊ लिहीत होते. चाक, कंसात उजवे की डावे, प्रश्नचिन्ह. मग त्यांनी डबा उघडला आणि एक वडी काढून शिवांच्या हातावर ठेवली. फक्त एक. शिवांना नियम माहीत नव्हता, त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली. हसू आवरता आवरता मला ठसका लागला.

ते रडत आलेले काशिराम ऐकून शिवाही जरा मवाळ झाले होते. "तुमच्या आज्यानं घाना आमाला दिला," ते म्हणाले. "बैल पन. एकच अट घातली, पनवेलला उतरताना. बोलला, काशिराम, शनवारी बैलाला सोडायचा. घान्याला जुंपायचा नाय. आज्यानं शबूद दिला."

भाऊंची पेन्सिल थांबली.

"का, तां काय त्यानं सांगितला नाय. आमी समजलो मारुतीचा वार. मंग मारुतीचा फोटो लावला. आज्यानं पाळला, बापानं पाळला, मी पाळला. आता बैल कुठं ऱ्हायला, मोटार हाय. पन मोटारला पन सुट्टी. ह्यो मितेस भांडतो माज्याशी, बोलतो शनवार-रविवारीच मुंबईचा गिऱ्हाईक येतो गाडी घेऊन. मी बोललो, मी हाय तवर नाय."

 मला ती पाटी आठवली आणि स्वतःची लाज वाटली. एकतीस वर्षं कागद वाचायची नोकरी केली, आणि दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं कळलं नाही.

भाऊ उठून बाहेर गेले. पाटीखाली उभे राहून त्यांनी ती वाचली, बराच वेळ वाचली, दोनच तर शब्द होते कामाचे. आत आले आणि फाईल मिटून बाजूला ठेवली. त्यांनी शिवांना सांगितलं की तो मारुतीचा वार नव्हता. आमच्या धर्मात सातव्या दिवशी माणसानं काम करायचं नाही आणि जनावराकडूनही करून घ्यायचं नाही. हाईम आजोबांनी आपला वार बैलासाठी मागून घेतला होता.

शिवांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "म्हंजे मारुतीचा नाय?"

"नाही."

"नव्वद वर्सं." ते हिशोब लावत राहिले. मग म्हणाले, "आता मारुतीला कसा सांगायचा? ऱ्हाऊ द्या भाऊ. दोघांचा."

भाऊंनी डबा झाकणासकट त्यांच्या हातात दिला. मितेशनं वकिलाला सांगितलं की तूर्तास काही नाही.

त्या रात्री भाऊंनी रेकॉर्डिंग रोनेनला पाठवलं, पहिली चौदा मिनिटं ऐकू नयेत अशी सूचना जोडून. रोनेननं अर्थातच ती आधी ऐकली. मग त्यानं बाकीचं नोमला समजावून सांगितलं. दोन दिवस काहीच निरोप नव्हता. भाऊ माझ्याकडे चार वेळा आले, चार वेळा साखर मागून गेले. त्यांच्या घरी कोणीच साखर खात नाही. तिसऱ्या खेपेला मला म्हणाले, "काही असो, रजई हातात धरता येते. शनिवार कसा दाखवणार?"

रविवारी कॉल आला. नोमनं पहिला प्रश्न विचारला तो बैलाविषयी. दर शनिवारी तो काय करायचा? भाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं की याची नोंद नाही, पण बहुतेक काही करत नसावा. हे नोमला फार आवडलं. मग त्यानं प्रकल्पाचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. वरती नाव होतं, नोम सारडोलीकर, आणि मूळ गावाच्या पुढे सारडोली. आईची बाजू त्यानं घेतली नव्हती. बाजूला एक बैल काढला होता, पाय पसरून झोपलेला, त्याला पाच पाय होते. भाऊंनी काहीही दुरुस्ती सुचवली नाही.

रोनेन एकेक रकाना वाचून दाखवत होता. छळ झाला का? हो. गाडीचं चाक लपवलं, तीन दिवस. मदत कोणी केली? चाक लपवणाऱ्यानंच. येताना काय आणलं? भांडी.

"आणि खाली त्यानं एक रकाना स्वतःच वाढवलाय," रोनेन म्हणाला. "फॉर्ममध्ये नव्हता. मागे काय ठेवून आलात?"

"काय लिहिलंय पुढे?" वहिनींनी विचारलं.

"शनिवार."

भाऊ फोनच्या अगदी जवळ गेले. चष्मा वर करून त्यांनी त्या वाढवलेल्या रकान्याकडे बघितलं. अक्षरं हिब्रू, त्यातलं ते थोडंच वाचू शकत होते. ते अक्षरं बघतच नव्हते.

"एलिशेबा," ते म्हणाले, "रेघ बघ. पट्टीनं मारलीय." आणि मग आमच्या दोघींसमोर, पोरासमोर, पंच्याहत्तर वर्षांचा तो माणूस रडायला लागला.

नोम घाबरला. त्याला येत होती त्या तीन वाक्यांतून त्यानं एक निवडलं.

"साबा," तो म्हणाला, "जेवलास का?"